छोट्या मॅगेलनी मेघातील तारकागुच्छ : छायाचित्र कसे वाचावे, आकाशात कोठे शोधावा

एनजीसी २९० हा छोट्या मॅगेलनी मेघातील एक खुला तारकागुच्छ असून, हबल अवकाश दुर्बिणीने घेतलेले त्याचे छायाचित्र २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून निळ्या, पिवळ्या आणि तांबूस ठिपक्यांनी भरलेल्या त्या चित्राची तुलना रत्नांच्या राशीशी वारंवार केली गेली आहे. तुलना रम्य आहे, परंतु तिच्यामुळे चित्रात साठलेली माहिती वाचकाच्या हाती लागत नाही. गुच्छ किती मोठा आहे, त्यातील तारे किती तेजस्वी आहेत, त्यांचे वय काय आणि चित्रात दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी खरोखर गुच्छाचे किती, या प्रश्नांची उत्तरे शालेय गणित आणि थोडा धीर यांच्या बळावर कोणत्याही जिज्ञासू वाचकाला काढता येतात. ती कशी काढावीत आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी हा प्रदेश प्रत्यक्ष आकाशात कसा गाठावा, याचे मार्गदर्शन येथे केले आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट आहे. वायू व धूळ यांच्या एकाच मेघातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेल्या आणि परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने सैलसर बांधल्या गेलेल्या काही शे ते काही हजार ताऱ्यांच्या समुदायाला खुला तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिका हे त्याचे मराठी वाचकाला सर्वांत परिचित उदाहरण होय. याउलट लाखो वृद्ध तारे घट्ट गोळ्याच्या रूपात एकवटलेले असतील, तर त्याला गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. छोटा मॅगेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेच्या शेजारची एक बटू दीर्घिका आहे, म्हणजे आकाराने व वस्तुमानाने आकाशगंगेच्या मानाने फार लहान असलेला तारे आणि वायू यांचा स्वतंत्र संसार आहे. ही दीर्घिका पृथ्वीपासून सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर असून, तिच्याहून मोठा असलेला मोठा मॅगेलनी मेघ सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षांवर आहे. ‘एनजीसी’ ही अक्षरे जॉन ड्रायर यांनी १८८८ मध्ये सिद्ध केलेल्या सूचीची आहेत. तिच्यात ७,८४० ज्योतींची नोंद असून, दक्षिण आकाशाचा भाग भरून काढण्यासाठी त्यांना मुख्यतः दोन निरीक्षकांच्या परिश्रमांचा आधार मिळाला. जेम्स डनलॉप यांनी ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथून १८२६ मध्ये नऊ इंची परावर्ती दुर्बिणीने, आणि जॉन हर्शेल यांनी आफ्रिकेच्या केप प्रांतातून १८३४ ते १८३८ या काळात, मॅगेलनी मेघांतील शेकडो गुच्छ व अभ्रिका नोंदवून ठेवल्या होत्या.

चित्र हाती घेतल्यावर पहिले काम मोजपट्टी ठरवण्याचे आहे. आकाशातील कोन अंश, कला आणि विकला यांत मोजले जातात; एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला असतात. छोट्या मॅगेलनी मेघाच्या बाबतीत निसर्गाने अभ्यासकाची मोठी सोय केली आहे, कारण २ लाख प्रकाशवर्षांवरील वस्तूसाठी एक विकला कोन हा जवळजवळ एक प्रकाशवर्ष लांबीइतका भरतो. अचूक गुणोत्तर ०.९७ येते, परंतु व्यवहारात ‘एक विकला म्हणजे एक प्रकाशवर्ष’ एवढे ध्यानात ठेवले की पुरे. एनजीसी २९० चा व्यास सुमारे ६५ प्रकाशवर्षे आहे, याचा अर्थ आकाशात तो एका कलेहून थोडासाच अधिक भरतो, आणि पूर्ण चंद्राच्या बिंबाच्या रुंदीवर असे सत्तावीस-अठ्ठावीस गुच्छ ओळीने मावतील. त्याच्याबरोबरच प्रसिद्ध झालेले एनजीसी २६५ या गुच्छाचे चित्र आकाशातील त्याच भागाचे असून, या दोन गुच्छांमधील अंतर अर्ध्या अंशाहून किंचित कमी, म्हणजे आपल्या मोजपट्टीने दीड हजार प्रकाशवर्षांच्या आसपास, येते. हे अंतर अर्थातच आकाशाच्या पडद्यावर मोजलेले आहे; खोलीच्या दिशेने ते याहून कितीतरी अधिक असू शकेल.

हीच मोजपट्टी चित्राच्या मर्यादाही सांगते. हबल दुर्बिणीच्या ज्या कॅमेऱ्याने ही चित्रे घेतली, त्याचा एक चित्रबिंदू विकलेच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे तेथे सुमारे तीन हजार पृथ्वी-सूर्य अंतरांएवढा आहे. ज्या दोन ताऱ्यांमधील अंतर याहून कमी असेल, ते कितीही स्पष्ट चित्रात एकाच ठिपक्यात विलीन होणार. तारे पुष्कळदा जोडीने जन्म घेतात, त्यामुळे ठिपक्यांची संख्या म्हणजे ताऱ्यांची संख्या असे वाचकाने कधीही समजू नये. जमिनीवरील दुर्बिणीतून पाहताना वातावरणाच्या थरथरीमुळे ठिपका एक-दोन विकला पसरतो, आणि मग एक-दोन प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात जे काही असेल ते सारे एक होऊन जाते.

दुसरे काम तेज मोजण्याचे. ताऱ्याचे दृश्य तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक. दहा पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षे या ठरीव अंतरावरून तारा जेवढा तेजस्वी दिसेल, त्या मापाला निरपेक्ष प्रत म्हणतात. छोट्या मॅगेलनी मेघातील ताऱ्याची दृश्यप्रत त्याच्या निरपेक्ष प्रतीहून सुमारे १९ ने अधिक असते, आणि हा १९ चा आकडा प्रत्येक वाचकाने पाठ करून ठेवावा, कारण त्याच्या आधारे कोणताही हिशेब एका ओळीत होतो. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८ आहे, म्हणून सूर्य एनजीसी २९० मध्ये असता, तर पृथ्वीवरून तो २३.८ प्रतीचा, मोठ्या दुर्बिणींनाच गवसणारा एक ठिपका ठरला असता. कृत्तिका पृथ्वीपासून सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत. त्या उचलून छोट्या मॅगेलनी मेघात नेल्या, तर त्यांचा प्रकाश सुमारे दोन लाख पटींनी क्षीण होईल आणि त्यांतील सर्वांत ठळक तारा २.९ प्रतीवरून १६ व्या प्रतीच्या खाली जाईल. हौशी निरीक्षकाच्या आठ इंची दुर्बिणीतून उत्तम रात्री १४ व्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. १४ मधून १९ वजा केले असता उणे ५ उरतात, आणि उणे ५ निरपेक्ष प्रतीचा तारा सूर्याच्या आठ हजार पटींहून अधिक तेजस्वी असतो. याचा अर्थ असा की, हौशी दुर्बिणीतून या गुच्छातील जो एखादा सुटा तारा दिसेल, तो सामान्य तारा असूच शकत नाही.

येथे या विषयाचे खरे महत्त्व लक्षात येते. आकाशगंगेतील तारे पाहताना एखादा तारा तेजस्वी दिसतो तो जवळ असल्यामुळे की मुळातच प्रखर असल्यामुळे, हा प्रश्न सतत आडवा येतो. दूरच्या दीर्घिकेतील गुच्छात हा प्रश्न उरत नाही, कारण २ लाख प्रकाशवर्षांच्या तुलनेत ६५ प्रकाशवर्षांची गुच्छाची खोली नगण्य असून, त्यातील सर्व तारे व्यवहारतः एकाच अंतरावर आहेत. चित्रात एक ठिपका दुसऱ्याहून दहापट तेजस्वी दिसत असेल, तर तो खरोखरच दहापट तेजस्वी आहे. हेन्रिएटा लेविट यांनी याच विचाराचा उपयोग करून खगोलशास्त्राला अंतर मोजण्याचे सर्वांत महत्त्वाचे साधन दिले. हार्वर्ड वेधशाळेच्या पेरू देशातील आरेकिपा येथील केंद्रावर घेतलेल्या छायाचित्रकाचा तपासून त्यांनी १९०८ मध्ये दोन्ही मॅगेलनी मेघांतील १,७७७ चल ताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली, आणि १९१२ मध्ये छोट्या मेघातील २५ चल ताऱ्यांच्या आधारे असे दाखवून दिले की, ज्या ताऱ्याचे तेज कमी-जास्त होण्याचे आवर्तन दीर्घ, तो तारा मुळातच अधिक तेजस्वी असतो. हे तारे, ज्यांना सेफीड म्हणतात, एकाच अंतरावर आहेत हे गृहीत धरता आले म्हणूनच तो नियम उघड झाला. छोटा मॅगेलनी मेघ अभ्यासासाठी निवडताना ही परंपरा वाचकाच्या मनात असावी, एवढा तो शोध मोठा आहे.

रंगांविषयी मात्र सावधगिरी हवी. हबलचे हे चित्र तीन गाळण्यांतून स्वतंत्रपणे घेतलेल्या प्रतिमा एकत्र करून बनवलेले आहे : ४३५ नॅनोमीटरच्या आसपासची निळी, ५५५ च्या आसपासची हिरवट-पिवळी आणि ८१४ च्या आसपासची, जी डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडे अवरक्तात मोडते. यांना अनुक्रमे निळा, हिरवा आणि तांबडा रंग दिला आहे. त्यामुळे चित्रातील रंग खोटे नाहीत, निळा ठिपका खरोखरच उष्ण आणि तांबूस ठिपका खरोखरच थंड आहे. परंतु रंगांतील भेद डोळ्याला दिसला असता त्याहून कितीतरी ठळक केलेला आहे. प्रत्यक्ष दुर्बिणीतून असे रंग दिसतील, ही अपेक्षा ठेवून डोळा लावणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

आता सर्वांत नाजूक कामाकडे वळावे लागते, आणि ते म्हणजे चित्रातील ठिपक्यांपैकी गुच्छाचे खरे सदस्य ओळखणे. पाहुणे तीन प्रकारचे असतात. पहिले आपल्या आकाशगंगेतील तारे, जे त्याच दिशेला पण शेकडोपट जवळ आहेत. दुसरे छोट्या मॅगेलनी मेघातीलच, परंतु गुच्छाशी संबंध नसलेले तारे; यांची संख्या सर्वांत मोठी असते. ही दीर्घिका दृष्टिरेषेच्या दिशेने लांबट असून तिच्या जवळच्या आणि दूरच्या भागांत दहा हजारांहून कितीतरी अधिक प्रकाशवर्षांचे अंतर आहे, त्यामुळे या दुसऱ्या प्रकारातील ताऱ्यांच्या प्रतीत काही दशांशांचा फरक निव्वळ अंतरामुळे पडतो. तिसऱ्या प्रकारात पार्श्वभूमीवरील अतिदूरच्या दीर्घिका येतात, ज्या लहानशा लांबट डागांच्या रूपात डोकावतात. दिशेवरून शेजार ठरवण्याची चूक किती मोठी होऊ शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण छोट्या मेघाच्या अगदी कडेला आहे. तेथे दिसणारा ‘४७ टुकानी’ हा भव्य गोलाकार गुच्छ सुमारे १५ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्याच आकाशगंगेत आहे. मेघ त्याच्या तेरापट मागे आहे. छायाचित्रांत मात्र दोन्ही खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे दिसतात.

पाहुणे वेगळे काढण्याची एक साधी रीत कागदावरच करता येते. चित्राची मोठी प्रत घेऊन गुच्छाच्या मध्याभोवती ३० विकला त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि मध्यापासून दोन-तीन कला दूर, जेथे गुच्छाचा दाटपणा संपला आहे अशा जागी, तेवढ्याच आकाराची तीन-चार वर्तुळे काढावीत. आतील वर्तुळातील निळे, पांढरे आणि तांबूस ठिपके वेगवेगळे मोजावेत. बाहेरील वर्तुळांतील मोजणीची सरासरी काढून ती आतील संख्येतून वजा करावी. जे उरते, ते गुच्छाचे सदस्य. अनेक अंधुक तांबूस ठिपके या वजाबाकीत नाहीसे होतात आणि निळे ठिपके टिकून राहतात, हा अनुभव या दीर्घिकेतील बहुतेक तरुण गुच्छांच्या बाबतीत येतो. चित्र छापील असेल आणि गुच्छ चौकट भरून उरला असेल, तर बाहेरील वर्तुळांसाठी जागाच राहत नाही. अशा वेळी मूळ, रुंद प्रतिमा मिळवणे आवश्यक ठरते.

ज्यांच्याकडे संगणक आहे, त्यांना गाया या यूरोपीय उपग्रहाच्या मोजमापांचा आधार घेता येतो. २०१३ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाने एक अब्जाहून अधिक ताऱ्यांची स्थाने व आकाशातील सरक नोंदवली असून, ती सूची सर्वांना विनामूल्य खुली आहे. छोट्या मॅगेलनी मेघातील तारे वर्षाला विकलेच्या हजाराव्या भागाच्या सुमारे १.४ पट एवढेच सरकतात, म्हणजे एक विकला ओलांडण्यास त्यांना सातशे वर्षे लागतात. आपल्या आकाशगंगेतील तारे बहुधा याहून वेगळ्या दिशेने आणि अधिक वेगाने सरकतात. एवढ्या कसोटीवर पहिल्या प्रकारचे पाहुणे बाजूला होतात. दुसऱ्या प्रकारचे पाहुणे मात्र या कसोटीने ओळखता येत नाहीत, कारण त्यांचा वेग गुच्छाच्या वेगाहून मोजण्याइतका वेगळा नसतो. शिवाय गुच्छाच्या दाट गाभ्यात ठिपके एकमेकांवर आल्यामुळे गायाची मोजमापे विरळ आणि कमी विश्वासार्ह होतात. वर सांगितलेली वजाबाकीची जुनी रीत म्हणूनच आजही टाकाऊ झालेली नाही.

सदस्य हाती आले की वय काढता येते. यासाठी एक आलेख काढावा, ज्याच्या आडव्या अक्षावर ताऱ्याचा रंग, म्हणजे निळ्या आणि पिवळ्या गाळणीतील प्रतींचा फरक, आणि उभ्या अक्षावर प्रत असेल, तेजस्वी तारे वर येतील अशा रीतीने. याला वर्ण-प्रत आलेख म्हणतात. हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करत स्थिर जळणारे तारे या आलेखावर वरच्या डाव्या, निळ्या बाजूकडून खालच्या उजव्या, तांबड्या बाजूकडे जाणाऱ्या पट्ट्यात बसतात. हा मुख्य क्रम होय. तारा जितका जड तितका तो इंधन भराभर संपवतो. सूर्याचे मुख्य क्रमावरील आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे आहे, तर सूर्याच्या आठपट वस्तुमानाचा तारा तीन-चार कोटी वर्षांतच तो पट्टा सोडून फुगतो, थंड होतो आणि आलेखात उजवीकडे सरकून तांबडा महाराक्षसी तारा बनतो. साहजिकच गुच्छ जुना होत जाईल तसा मुख्य क्रम वरून खाली झिजत जातो. तो जेथे संपून उजवीकडे वळतो, त्या वळणाची प्रत वाचली की गुच्छाचे वय कळते. ही युक्ती एवढी सरळ आहे की, खगोलशास्त्रात वय काढण्याच्या ज्या रीती आहेत त्यांत हिच्याइतकी विश्वासार्ह दुसरी क्वचितच सापडेल.

एनजीसी २९० चे वय या रीतीने सुमारे ३ ते ६ कोटी वर्षे येते. या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. सह्याद्रीचे काळे कातळ ज्या लाव्हाच्या थरांतून बनले, ते उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दख्खनचे पठार थंड होऊन पडले होते, तेव्हा या गुच्छातील तारे अजून जन्मलेले नव्हते. दुसरीकडे, ज्या प्रकाशाने हबलचे चित्र उमटले, तो तेथून निघून दोन लाख वर्षे झाली आहेत; गुच्छाच्या वयाच्या तुलनेत हा काळ शंभराव्या हिश्शाहूनही कमी असल्यामुळे आपण पाहतो तो गुच्छ आणि आज तेथे असलेला गुच्छ यांत फारसा फरक पडलेला नसावा. एखादा महाराक्षसी तारा दरम्यान स्फोट पावला असणे शक्य आहे, आणि तसे झाले असल्यास त्याचा प्रकाश अजून वाटेत आहे.

आलेखावर वयाच्या रेषा काढताना एक चूक नवख्यांकडून हमखास होते. एकाच वयाच्या, पण भिन्न वस्तुमानांच्या ताऱ्यांची आलेखावरील स्थाने जोडणाऱ्या सैद्धांतिक रेषेला समवय रेषा म्हणतात, आणि इटलीतील पादोव्हा येथील संशोधकांनी तयार केलेल्या समवय रेषा संगणकाच्या महाजालावरून कोणालाही मिळवता येतात. त्या मिळवताना धातुता निवडावी लागते. खगोलशास्त्रात हायड्रोजन व हेलियम वगळता सर्वच मूलद्रव्यांना धातू म्हणण्याचा प्रघात असून, त्यांचे प्रमाण म्हणजे धातुता. छोट्या मॅगेलनी मेघात हे प्रमाण सूर्याच्या सुमारे एक-पंचमांश आहे. सूर्याची धातुता तशीच ठेवून रेषा काढली, तर ती गुच्छाच्या ताऱ्यांवर नीट बसत नाही, किंवा बसलीच तर चुकीचे वय देते. धातू कमी असले की ताऱ्याचे बाह्य थर प्रकाशाला कमी अडवतात, तारा तेवढ्याच वस्तुमानाला अधिक आटोपशीर, अधिक उष्ण आणि अधिक निळा राहतो. जड ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून वाहणारे वारेही मंद असतात, कारण ते वारे प्रकाशाच्या धक्क्याने धातूंच्या अणूंमार्फत ढकलले जातात. वारे मंद असल्यामुळे ताऱ्यांची गिरकीही फारशी मंदावत नाही; जवळच असलेल्या एनजीसी ३३० या गुच्छातील उष्ण ताऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश तारे इतक्या वेगाने गिरक्या घेतात की, त्यांच्याभोवती वायूची तबकडी तयार झालेली आहे. आरंभीच्या विश्वात सर्वच तारे धातूंनी दरिद्री होते. त्या काळातील दीर्घिका इतक्या दूर आहेत की त्यांतील तारे सुटे दिसत नाहीत. छोटा मॅगेलनी मेघ तशाच घडणीचे तारे आपल्याला एक-एक करून मोजू देतो, आणि जगातील मोठ्या दुर्बिणी वारंवार या लहानशा दीर्घिकेकडे वळतात त्याचे कारण हे आहे.

‘खुला’ आणि ‘गोलाकार’ ही विभागणीसुद्धा येथे काटेकोरपणे लावू नये. आकाशगंगेत खुले गुच्छ लहान व तरुण आणि गोलाकार गुच्छ मोठे व वृद्ध, असा ढोबळ भेद टिकतो. छोट्या मेघात मात्र एनजीसी ३३० सारखे भरगच्च, गोल दिसणारे, पण वयाने अवघे तीन-चार कोटी वर्षांचे गुच्छ आहेत, तर खऱ्या अर्थाने जुना म्हणावा असा गोलाकार गुच्छ एकच, एनजीसी १२१, आहे.

घरबसल्या अभ्यास करणाऱ्याने आरंभ ‘अलादीन’ या फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील विदा केंद्राच्या आकाशदर्शक प्रणालीपासून करावा. ती विनामूल्य आहे. तिच्यात ‘एनजीसी २९०’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केले की तो प्रदेश समोर येतो, आणि कोन मोजण्याची पट्टी, निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रतिमा व गायाची सूची यांचे थर एकावर एक ठेवता येतात. हबलच्या मूळ प्रतिमा अमेरिकेतील बाल्टिमोर येथील अवकाश दुर्बीण विज्ञान संस्थेच्या संग्रहातून मिळतात, आणि आलेख काढण्यासाठी ‘टॉपकॅट’ ही प्रणाली सोयीची आहे. अतिनील प्रकाशात उष्ण तारे विशेष उठून दिसतात; २०१५ मध्ये भारताने सोडलेल्या आणि जिच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे आयुका या संस्थांचा सहभाग होता, त्या अ‍ॅस्ट्रोसॅट वेधशाळेच्या अतिनील दुर्बिणीने छोट्या मेघाचीही निरीक्षणे केलेली आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर एनजीसी २९० व एनजीसी २६५ यांचे वर्ण-प्रत आलेख शेजारी शेजारी काढून त्यांच्या वळणांची तुलना करणे, हा एका सत्रात पुरा होणारा आणि खरोखर काही शिकवणारा विषय आहे. असा प्रकल्प करताना गाभ्यातील अंधुक तारे गर्दीत हरवतात हे मात्र विसरू नये. ‘मध्यभागी फक्त जड तारे आहेत’ असा निष्कर्ष पुष्कळदा या हरवण्यातून निघतो, निसर्गातून नाही.

प्रत्यक्ष दर्शनाचा विचार करताना स्पष्ट बोलणे बरे. उत्तर गोलार्धातील एखाद्या ठिकाणाहून दक्षिणेकडील ज्योत जास्तीत जास्त किती उंच येईल, हे ९० मधून त्या ठिकाणचा अक्षांश आणि ज्योतीची दक्षिण क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे तिचे दक्षिणेकडील अंतर, वजा करून मिळते. छोट्या मेघाची क्रांती सुमारे ७३ अंश दक्षिण आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथून तो क्षितिजावर येतच नाही. गोव्यातून तो एक-दोन अंश वर येतो, पण तेथील धूसर हवेत त्याचा मागमूसही लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री महाराष्ट्रातून दक्षिणेला अग्रनद हा ठळक तारा दिसतो. छोटा मेघ त्याच्या दक्षिणेस सुमारे १६ अंशांवर, क्षितिजाच्या आड असतो. कन्याकुमारीहून मेघ नऊ अंशांपर्यंत चढतो, परंतु एवढ्या कमी उंचीवर त्याचा प्रकाश हवेच्या सहापट जाड थरातून येतो. मेघाचा पुसट ठसा तेथून मिळाला तरी ते भाग्य समजावे. एनजीसी २९० साठी भारतातील कोणत्याही किनाऱ्यावर दुर्बीण नेण्याचा खटाटोप करू नये.

मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. मॉरिशसमधून छोटा मेघ ३७ अंशांपर्यंत, तर सिडनीहून ५१ अंशांपर्यंत वर येतो आणि सिडनीच्या आकाशात तो कधी मावळतच नाही. ऑक्टोबरच्या आरंभी मध्यरात्री, नोव्हेंबरच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास आणि डिसेंबरच्या आरंभी आठच्या सुमारास (उन्हाळी वेळ पाळली जात असेल तेथे घड्याळात एक तास अधिक धरून) तो सर्वाधिक उंचीवर असतो. अमावास्येच्या आसपासची, शहराच्या दिव्यांपासून दूरची रात्र निवडावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास किमान अर्धा तास द्यावा. दोन्ही मेघ आणि दक्षिण खगोलीय ध्रुव मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण होतो, ही खूण सर्वांत उपयोगी पडते. छोटा मेघ सापडला की प्रथम ४७ टुकानी हा त्याच्या पश्चिमेकडील चौथ्या प्रतीचा धूसर ठिपका ओळखावा, मग द्विनेत्रीने मेघाच्या लांबट पट्ट्यावरून फिरावे. सहा इंची दुर्बिणीतून साडेनवव्या प्रतीच्या जवळचा एनजीसी ३३० आणि त्याच्या ईशान्येस, अभ्रिकेत गुरफटलेला एनजीसी ३४६ स्पष्ट दिसतात. एनजीसी २९० मेघाच्या नैर्ऋत्य भागात, अनेक लहान गुच्छांच्या दाटीत आहे. त्यासाठी आठ इंच किंवा अधिक व्यासाची दुर्बीण, दीडशे पटींच्या आसपासचे विवर्धन आणि हाताशी छापील नकाशा असावा. थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली असता तो दाणेदार, छोट्या प्रकाशाच्या ठिपक्यासारखा उमटतो. त्यातील एक-दोन तारे सुटे झाले, तर सूर्याच्या हजारो पट तेजाच्या ताऱ्याकडे आपण पाहत आहोत, याची जाणीव ठेवावी.

निरीक्षण लगेच कागदावर उतरवावे : वर्तुळात गुच्छाचे रेखाचित्र, दिशा, दिनांक, वेळ, दुर्बिणीचा व्यास, विवर्धन आणि आकाशाची स्थिती. जे शोधूनही दिसले नाही, तेही लिहावे. महाराष्ट्रातील आकाशप्रेमींना ही दीर्घिका आपल्या अंगणातून कधीच दिसणार नाही. म्हणून दक्षिण गोलार्धातील मराठी निरीक्षकांनी आपली रेखाचित्रे व नोंदी येथील खगोल मंडळांकडे आणि शाळांकडे आवर्जून पाठवाव्यात.